एंडोमेट्रिओसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीच्या दुखण्याबद्दल मुली, त्यांच्या आया, कधी नवरे आणि भाऊही जे विचारत राहतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे क्रमांक दिला आहे. औषधांची नावं ओळखीसाठी आहेत. कोणतं औषध आणि किती, हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आत्ता या क्षणी असह्य दुखत असेल, तर आधी प्रश्न १४ वाचा.

१. एंडोमेट्रिओसिसमध्ये शरीरात नेमकं काय होतं?

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की गळून पडतं, तीच पाळी. या आजारात त्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर रुजतो: अंडाशयावर, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवर. तोही हार्मोनप्रमाणे वाढतो आणि त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आजूबाजूला सूज येते, व्रण धरतात आणि एरवी एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव चिकटून बसतात. अंडाशयात असं जुनं रक्त साठून होणाऱ्या गाठीला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात.

हा कर्करोग नाही, संसर्ग नाही, नवऱ्याला किंवा मुलांना लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुली-बायकांना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना, तो आहे.

२. पाळीत दुखतं ते सगळ्यांनाच. माझं दुखणं वेगळं आहे हे कसं ओळखायचं?

एकच कसोटी सांगायची तर ही: दुखण्यामुळे दर महिन्याला कॉलेज, नोकरी, रानातलं काम किंवा घरातलं रोजचं काम सुटत असेल, तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही. पहिल्या दिवशी ओटीपोटात कळ येणं, कंबर धरणं, एखाद्या गोळीने आणि गरम पाण्याच्या पिशवीने ते उतरणं, हे बहुतेकींना होतं. एंडोमेट्रिओसिसचं दुखणं बऱ्याचदा पाळीच्या दोन-चार दिवस आधीच सुरू होतं, पाळी संपली तरी रेंगाळतं आणि वर्षागणिक वाढत जातं. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आतून चाकू लागल्यासारखं होणं, लघवी करताना दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, पोट टम्म फुगणं आणि कितीही झोपलं तरी न जाणारा थकवा, ही त्याची आणखी लक्षणं. सगळी एकत्र असतीलच असं नाही. काहींना तर काहीच दुखत नाही आणि मूल राहत नाही म्हणून तपासलं तेव्हा आजार कळतो.

आजच करता येईल अशी गोष्ट म्हणजे नोंद. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला खूण तर बहुतेक घरांत होतेच. तिथेच दुखण्याला १० पैकी किती गुण, गोळ्या किती लागल्या आणि काय काम सुटलं, हे लिहा. तीन महिन्यांची अशी पानं समोर ठेवली, की डॉक्टरांना 'खूप दुखतं' या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

हा आजार ओळखायला जगभरात ४ ते १२ वर्षं लागतात. त्यातली कित्येक वर्षं दवाखान्याची पायरी चढण्याआधीच, घरातच जातात. तेवढी तरी वाचवता येतात.

३. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडते. एवढ्या लहान वयात हे असतं का?

असतं. पाळी सुरू झाल्यावर एक-दोन वर्षांतही लक्षणं दिसू शकतात. अशा मुलींना आधी वेदनाशामक गोळ्या वेळेवर देऊन बघतात (प्रश्न १०), त्याने भागलं नाही तर हार्मोनचा उपचार. तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही तर पुढच्या तपासण्या. पाळी सुरू झाल्यापासूनच तीव्र दुखत असेल, तर गर्भाशयाच्या रचनेत जन्मजात अडथळा आहे का हेही सोनोग्राफीत बघावं लागतं.

आईंना एक विनंती. 'आम्हीही सोसलंच की' हे वाक्य मुलीसमोर नको. तुम्हालाही कदाचित हाच आजार असेल आणि तेव्हा कुणी विचारलं नसेल.

४. हा कशामुळे होतो? माझं काही चुकलं का?

नाही. थंड पाणी प्यायल्याने, पाळीत डोक्यावरून अंघोळ केल्याने, दही-लोणचं खाल्ल्याने, लग्न उशिरा झाल्याने किंवा कॉलेजात असताना गर्भनिरोधक गोळ्या घेतल्याने हा होत नाही.

पूर्ण कारण अजून उलगडलेलं नाही. सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं: पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण असं उलट जाणारं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांत आढळतं, आजार मात्र थोड्यांनाच होतो. म्हणजे आनुवंशिकता आणि प्रतिकारशक्तीचाही हात आहे. आईला किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर शक्यता वाढते. लवकर सुरू झालेली पाळी, कमी दिवसांनी येणारी पाळी आणि जास्त रक्तस्राव यांचाही संबंध दिसतो.

५. पीसीओडी आणि हे एकच का?

दोन्ही वेगळे. पीसीओडीत पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, मुरमं आणि वजन वाढतं. दुखणं हे त्याचं मुख्य लक्षण नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये पाळी बहुधा वेळेवर येते आणि दुखते. पीसीओडीच्या सोनोग्राफीत दिसतात त्या बारीक पुटिका, चॉकलेट सिस्ट नव्हेत. एकाच बाईला दोन्ही असू शकतात.

तिसरं नाव ॲडेनोमायोसिस. यात अस्तर गर्भाशयाच्या स्नायूच्या भिंतीतच शिरतं, पिशवी मोठी होते (रिपोर्टमध्ये 'बल्की युटेरस' लिहितात), दुखतं आणि भरपूर अंगावरून जातं. हे आणि एंडोमेट्रिओसिस अनेकदा जोडीने सापडतात, आणि पिशवी काढण्याचा निर्णय घेताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो (प्रश्न २०).

६. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले काही नाही, मनाचे खेळ आहेत. आता?

सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आजार नाही, असं होत नाही. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत छान दिसते, पण पोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके दिसतच नाहीत, आणि तेही तितकेच दुखू शकतात. आतड्यामागचा खोल आजार दिसू शकतो, फक्त तो शोधण्याची सवय असलेला सोनोलॉजिस्ट हवा. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांनी नुसतं 'ओटीपोट सोनोग्राफी' न लिहिता 'एंडोमेट्रिओसिसचा संशय' असं लिहिलं तर बराच फरक पडतो. खोल आजाराचा संशय असेल तर एमआरआय उपयोगी.

पूर्वी दुर्बिणीतून पोटात बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा आग्रह सोडला आहे. लक्षणं जुळत असतील तर ऑपरेशन न करता उपचार सुरू करता येतात. त्यामुळे रिपोर्ट हातात देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे विचारा: 'सोनोग्राफीत न दिसणारा एंडोमेट्रिओसिस असू शकतो का? त्यासाठी उपचार करून बघायचे का?' उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणं हा तुमचा हक्क आहे.

आपल्याकडे एक गोष्ट विसरायची नाही. पोटातला क्षयरोग हुबेहूब असाच दिसू शकतो: चिकटलेले अवयव, अंडाशयाजवळ गाठ, दुखणं, मूल न राहणं. ऑपरेशन झालंच तर काढलेला तुकडा तपासणीला, आणि संशय असल्यास क्षयरोगाच्या चाचणीलाही, पाठवला का हे विचारा.

७. माझं लग्न झालेलं नाही. आतून सोनोग्राफी करतील का?

तुमच्या संमतीशिवाय कोणतीही आतली तपासणी होत नाही. लैंगिक संबंध आलेले नसतील तर लघवी भरून पोटावरून सोनोग्राफी करतात. गरज वाटली तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत. पण 'लग्न झाल्यावर या, मग नीट तपासू' हे उत्तर मान्य करू नका. निदानासाठी लग्नाची गरज नसते.

८. सीए-१२५ वाढलेलं आलं. कॅन्सर आहे का?

सीए-१२५ ही एक रक्तचाचणी आहे. फक्त तिच्या आकड्यावरून घाबरू नका. एंडोमेट्रिओसिस, पाळीचे दिवस, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), क्षयरोग, गरोदरपण या सगळ्यांत तो वाढतो. एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठीही ही चाचणी भरवशाची नाही, कारण आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते. गाठ सोनोग्राफीत कशी दिसते हे जास्त महत्त्वाचं.

अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका एंडोमेट्रिओसिसमध्ये थोडा वाढतो हे खरं आहे. सर्वसाधारण बायकांमध्ये तो आयुष्यभरात सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, इथे अडीचच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या सत्याण्णवहून अधिक जणींना तो होत नाही.

९. रिपोर्टमध्ये स्टेज ४ लिहिलंय. म्हणजे शेवटची अवस्था?

नाही. ही कर्करोगाची स्टेज नाही. १ ते ४ हे आकडे पोटात आजार किती पसरलाय आणि किती चिकटलंय हे सांगतात, दुखणं किती हे नाही. स्टेज १ ची मुलगी अंथरुणाला खिळलेली आणि स्टेज ४ ची बाई कधी गोळीही न घेतलेली, असं दिसतं. म्हणून उपचार स्टेजवरून ठरत नाहीत. तुम्हाला आत्ता काय हवंय यावरून ठरतात: दुखणं थांबायला हवंय की मूल हवंय. डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

१०. दर महिन्याला मेफ्टाल घेते. किडनी खराब होईल का? सवय लागेल का?

सवय लागत नाही. मेफेनॅमिक ॲसिड (मेफ्टालमधलं औषध), आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या महिन्यातले दोन-तीन दिवस, जेवणानंतर, योग्य डोसात घेतल्या तर निरोगी तरुण बाईच्या किडनीला सहसा अपाय होत नाही. किडनीचा आजार, पोटात अल्सर, दमा असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी विचारा.

बहुतेकजणी गोळी फार उशिरा घेतात. दुखणं शिगेला पोचल्यावर नव्हे, तर सुरू होताच, आणि पाळी वेळेवर येत असेल तर आदल्या दिवसापासून, ठरलेल्या वेळांनी घेतली तर ती जास्त काम करते.

इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिला होता. ही ॲलर्जी गोळी सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनीही येऊ शकते. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं झालं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. आणि दर महिन्याला गोळ्यांचं अख्खं पाकीट संपत असेल, तर आणखी जोरदार गोळी शोधत बसू नका, पुढचे प्रश्न वाचा.

११. डॉक्टरांनी पाळी बंद ठेवायची गोळी दिली. सगळी घाण आत साठून राहणार नाही का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यापायी कितीतरी चांगले उपचार अर्ध्यात सुटतात. म्हणून नीट सांगते.

पाळीचं रक्त म्हणजे शरीरातली घाण नाही. ते गर्भाशयाचं जाड झालेलं अस्तर असतं. गोळ्या चालू असताना हे अस्तर मुळात जाड होतच नाही, म्हणून गळायला काही नसतं. साठण्याचा प्रश्नच येत नाही. उलट एंडोमेट्रिओसिसमध्ये बाहेर रुजलेल्या जागांतूनही दर महिन्याला रक्त येतं. पाळी थांबली की त्या जागाही शांत होतात. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी कित्येक महिने येत नाही, तेव्हा घाण साठते असं कुणी म्हणत नाही.

गोळी बंद केल्यावर पाळी परत येते. पुढे मूल राहण्याची क्षमता या गोळ्यांनी जात नाही.

१२. कोणकोणते हार्मोन उपचार आहेत आणि त्यांचे त्रास काय?

आपल्याकडे सध्या सर्वाधिक लिहून दिली जाते ती डायनोजेस्ट, रोज २ मिलिग्रॅम, मधे सुट्टी न घेता. पहिले काही महिने अवेळी डाग पडतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि बहुतेकींचं हळूहळू थांबतं. काहींना मुरमं, डोकेदुखी, छाती दुखणं जाणवतं. मन उदास होत असेल तर ते लपवू नका, औषध बदलता येतं. डायनोजेस्टवर असताना बीज बहुधा सुटत नाही, तरी तिला गर्भनिरोधक समजू नका, निरोध वापरा.

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या स्वस्त आहेत आणि सलग घेतल्या तर चांगल्या उपयोगी पडतात. डोळ्यांसमोर चमकणारी अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, अनियंत्रित रक्तदाब किंवा ३५ नंतर तंबाखू-सिगरेट असेल तर त्या चालत नाहीत. हार्मोन सोडणारी गर्भाशयातली तांबी (कॉपर टी नव्हे, कॉपर टीने पाळी उलट वाढू शकते) एकदा बसवली की ५ वर्षं तरी चालते. सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' नावाचं तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळतं. त्याच जातीचं औषध या दुखण्यावरही वापरतात, पण बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, हे लक्षात ठेवून निवडा.

ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं जोरदार असतात. ती अंडाशय जवळजवळ झोपवतात, त्यामुळे अंगातून गरम वाफा येतात आणि हाडं झिजतात. म्हणून ती मोजक्या महिन्यांसाठी, आणि लांबवायची असतील तर सोबत थोडं हार्मोन परत देऊन, वापरतात.

हे सगळे उपचार आजाराला निजवून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत. बंद केल्यावर दुखणं परत येऊ शकतं. म्हणून यांच्याकडे रक्तदाबाच्या गोळीसारखं बघा: चालू आहे तोवर आराम.

१३. गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते तेव्हा दुखतच नाही. त्याच कायम घेऊ का?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ती गोळी म्हणजे बहुधा नोरएथिस्टेरॉन, आणि ती एंडोमेट्रिओसिसवरही देतात. पण मेडिकलमधून आणून, मनाने, महिनोन्‌महिने नको. पाळी लांबवायचा डोस वेगळा, उपचाराचा वेगळा. मोठ्या डोसात तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे ज्यांना गुठळ्यांचा धोका आहे त्यांना ती धोक्याची. 'गोळी घेतली की दुखणं थांबतं' ही माहिती मात्र डॉक्टरांना जरूर द्या, निदानाला मदत होते.

१४. कधी थेट हॉस्पिटल गाठायचं?

ओटीपोटात अचानक, नेहमीपेक्षा वेगळी असह्य कळ, सोबत उलट्या, चक्कर किंवा ताप. चॉकलेट सिस्ट असल्याचं माहीत असताना पोट कडक होणं. पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखून चक्कर येणं. गाठ फुटणं, अंडाशयाला पीळ बसणं, जंतुसंसर्ग किंवा गर्भ नलिकेत राहणं, यातलं काहीही असू शकतं. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

१५. ऑपरेशन कधी करावं? सुईने गाठीतलं पाणी काढून चालेल का?

औषधांनी दुखणं आटोक्यात येत नसेल, औषधं सोसत नसतील, गाठ मोठी किंवा संशयास्पद असेल, आतडं वा मूत्रवाहिनी अडत असेल, किंवा मूल राहण्यात आजार आड येत असेल, तेव्हा. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पोट उघडून करण्याची वेळ क्वचित येते.

सुईने गाठ रिकामी केली तर ती बहुतेकदा पुन्हा भरते, आणि संसर्गाचीही भीती असते. गाठीची भिंत सोलून काढली तर परत होण्याचं प्रमाण कमी राहतं. पण भिंतीबरोबर थोडी निरोगी बीजंही जातात. दोन्ही अंडाशयांत गाठी असतील किंवा हे दुसरं ऑपरेशन असेल, तर हा तोटा मोठा ठरतो. ऑपरेशनआधी एएमएच ही रक्तचाचणी करून बीजांचा साठा किती आहे ते बघावं, आणि मूल नंतर हवं असेल तर बीजं गोठवून ठेवण्याबद्दल त्याच बैठकीत विचारावं.

ऑपरेशननंतर लगेच मूल नको असेल तर हार्मोनचा उपचार चालू ठेवल्याने आजार उलटण्याचं प्रमाण घटतं. 'ऑपरेशन झालं, आता गोळ्या कशाला' म्हणून तो सोडू नका.

सर्जनना विचारायचे प्रश्न: असा खोल आजार तुम्ही नेहमी करता का? आतड्याला हात लावावा लागला तर त्याचे सर्जन सोबत असतील का? अंडाशय काढायची वेळ आली तर मला आधी विचाराल का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि ऑपरेशनचा व्हिडिओ व फोटो मागून घ्या. पुढे कुठेही गेलात तर उपयोगी पडतात.

१६. सगळे म्हणतात लग्न कर, एक मूल झालं की आपोआप बरं होईल. खरं आहे?

नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी नसते, म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो. नंतर दुखणं परत येतं. मूल हे औषध नाही. दुखण्यापायी घाईने लग्न आणि लग्नानंतर घाईने मूल, आणि दिवस गेले नाहीत की दोष पुन्हा मुलीला, या चक्रात अडकलेल्या खूप जणी लिहितात. वडीलधाऱ्यांना समजावणं जड जात असेल तर त्यांना एकदा डॉक्टरांसमोर घेऊन जा.

१७. आम्हाला मूल हवंय. आधी ऑपरेशन की थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी)?

पहिली गोष्ट, एंडोमेट्रिओसिस असूनही अनेकींना नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. दुसरी, हार्मोनच्या गोळ्या चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत आणि त्या घेतल्याने पुढची शक्यता वाढतही नाही, म्हणून प्रयत्न सुरू करताना त्या थांबवतात. तिसरी, आजार माहीत असताना वर्षभर वाट पाहू नका. सहा महिन्यांनी, आणि वय ३५ च्या पुढे असेल तर त्याही आधी, तज्ज्ञांना भेटा. नवऱ्याची वीर्य तपासणी पहिल्याच भेटीत. ती टाळून बायकोवर वर्षभर उपचार चालवण्यात काही अर्थ नाही.

आजार सौम्य असेल तर दुर्बिणीतून तो काढल्याने नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता वाढते. गोळ्या-इंजेक्शनांसोबत आययूआयही (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) उपयोगी. वय जास्त, नलिका बंद, बीजं कमी किंवा वीर्यात दोष असेल तर आयव्हीएफकडे वळणं शहाणपणाचं. आयव्हीएफआधी केवळ यश वाढावं म्हणून चॉकलेट सिस्ट काढण्याचा फायदा दिसलेला नाही, बीजं मात्र कमी होतात. फार दुखत असेल किंवा गाठीमुळे बीजं काढता येत नसतील तर गोष्ट वेगळी.

१८. संबंधाच्या वेळी आत खूप दुखतं. नवऱ्याला वाटतं मला इच्छाच नाही.

हे दुखणं खरं आहे. गर्भाशयामागच्या जागेत आजार असला की खोलवर दाब पडताच कळ येते. काही दिवस जास्त दुखतं, ते नोंदीत दिसेल. दाब तुमच्या हातात राहील अशी स्थिती निवडता येते. दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात, त्यासाठी फिजिओथेरपी असते आणि ती लागू पडते.

नवरोबांसाठी थेट सांगते: ती तुम्हाला नाकारत नाही, ती वेदना टाळते आहे. पुढच्या तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांकडून स्वतः ऐका.

१९. काय खावं? आयुर्वेदिक औषध घेऊ का?

एंडोमेट्रिओसिस बरा करणारा आहार सिद्ध झालेला नाही. भाज्या, फळं, डाळी, मासे असं साधं जेवण चांगलं. गहू किंवा दूध सोडून पोटफुगी कमी वाटली तर सोडा, नाही वाटली तर उगाच स्वतःला उपाशी ठेवू नका. भरपूर अंगावरून जात असेल तर हिमोग्लोबिन तपासा. शेक, चालणं, योगासनं आणि पुरेशी झोप यांनी दुखणं सोसवतं, ते चालू ठेवा.

आयुर्वेद घ्यायचा असेल तर पदवीधर वैद्यांकडून, आणि चालू औषधांची यादी त्यांना दाखवून. निनावी पुड्या, धातूंच्या भस्मांची माहिती न देणारी औषधं आणि '३ महिन्यांत गाठ गायब' असल्या जाहिराती यांपासून दूर राहा. गाठ असताना पोट चोळून घेऊ नका.

२०. डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका, कटकट जाईल. मी ३४ वर्षांची आहे.

थांबा आणि दुसरं मत घ्या. एंडोमेट्रिओसिस हा पिशवीबाहेरचा आजार आहे. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचा आजार तसाच ठेवला तर दुखणं राहू शकतं. अंडाशयंही काढली तर दुखणं थांबण्याची शक्यता वाढते, पण ३४ व्या वर्षी पाळी कायमची गेल्याने हाडं आणि हृदय यांवर परिणाम होतो. ॲडेनोमायोसिस असेल, मुलं झालेली असतील, औषधं करून झाली असतील, तर पिशवी काढणं योग्य असू शकतं. मात्र त्याच वेळी बाहेरचा आजारही काढायला हवा.

आपल्या राज्यात हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या तरुणपणीच काढलेल्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढणं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांना लागू करायला सांगितलं. तेव्हा 'कॅन्सर होईल' या भीतीवर सही करू नका. कारण लेखी मागा.

२१. विमा मिळतो का?

बहुतेक पॉलिसींत पिशवीसंबंधी ऑपरेशनांसाठी सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो, अनेकदा २ वर्षं, आणि वंध्यत्वाचे उपचार सहसा वगळलेले असतात. त्यामुळे ऑपरेशन दुखण्यासाठी किंवा गाठीसाठी असेल तर कागदांवर तेच कारण स्पष्ट लिहिलेलं असावं. पॉलिसी घेताना आजार लपवू नका, पुढे दावा फेटाळला जातो.

२२. सीझरच्या टाक्यापाशी गाठ आहे, पाळी आली की सुजते आणि दुखते. हर्निया आहे का?

सीझरच्या वेळी अस्तराच्या पेशी जखमेत रुजून असं होऊ शकतं. पाळीबरोबर दुखणं ही त्याची खूण. पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करून, गाठ पूर्ण काढून टाकणं हा उपाय, आणि तो बहुधा कायमचा असतो. बेंबीतही असं क्वचित होतं.

त्याहून दुर्मीळ म्हणजे छातीतला एंडोमेट्रिओसिस: पाळी सुरू होताच, बहुधा उजव्या बाजूला, छातीत किंवा खांद्यात दुखणं, दम लागणं. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते. लगेच दाखवा आणि पाळीची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती सांगितली नाही तर हा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही.

२३. मला खोल एंडोमेट्रिओसिस आहे, पण आता फारसं दुखत नाही. तपासण्या बंद करू?

नको. खोल आजार मूत्रवाहिनीला आवळत असेल तर काहीही न दुखता किडनी सुजत जाते आणि निकामीही होऊ शकते. सोनोग्राफी होईल तेव्हा किडन्याही बघायला सांगा. पाळीत शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून गप्प बसू नका.

२४. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. आता हा आजार संपला ना?

बहुतेकींचं दुखणं पाळीबरोबर शमतं. काहींचं राहतं. पाळी गेल्यावर नवी गाठ आली किंवा दुखणं नव्याने सुरू झालं तर ते जुनंच आहे असं न धरता तपासून घ्या. गरम वाफांसाठी हार्मोन घ्यायचे असतील तर पूर्वीचा एंडोमेट्रिओसिस सांगायलाच हवा, पिशवी काढलेली असली तरी. पिशवी नसलेल्या बाईला सहसा नुसतं इस्ट्रोजेन देतात; एंडोमेट्रिओसिस होऊन गेलेल्या बाईला त्यासोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देण्याकडे कल असतो, कारण उरलेल्या जागा नुसत्या इस्ट्रोजेनने पुन्हा जाग्या होऊ शकतात. जुन्या ऑपरेशनचे कागद सापडत नसतील तर त्या हॉस्पिटलकडे नक्कल मागा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा.